हवा कमी पडते तेव्हा आधी काय मोजावे

कारखान्यात हवेचा दाब पडू लागला की पहिला संशय कॉम्प्रेसरवर जातो. ऑपरेटर पॅनेलवरचे सेटिंग सातवरून साडेसात बारवर नेतो, मेंटेनन्सवाले सर्व्हिस इंजिनिअरला फोन लावतात, आणि तरीही तक्रार राहिली तर मालक मोठ्या कॉम्प्रेसरचे कोटेशन मागवतात. तिन्हींच्या मुळाशी एकच गृहीतक असते, की दाब कॉम्प्रेसर तयार करतो, म्हणून दाब कमी म्हणजे कॉम्प्रेसर कमजोर. हे गृहीतकच तपासायला हवे. स्क्रू असो वा पिस्टनचा, कारखान्यात सर्रास दिसणारा कॉम्प्रेसर दर फेऱ्याला जवळपास ठरावीक आकारमानाची हवा आत ओढतो आणि पुढे ढकलतो. त्याचे काम एवढेच. पुढे गेलेली हवा जितक्या वेगाने येते तितक्याच वेगाने वापरली गेली तर दाब स्थिर राहतो, कमी वापरली गेली तर चढतो आणि जास्त वापरली गेली तर उतरतो. म्हणजे गेजवर दिसणारा दाब हा पुरवठा आणि खर्च यांच्यातला हिशेब आहे. हिशेब तुटीत गेला तर जमेची बाजू कमी झाली की खर्चाची वाढली, हे पाहिल्याशिवाय कॉम्प्रेसर खोलण्यात अर्थ नाही. आणि पुष्कळदा तूट मुळात नसतेच, हवा पुरेशी असते पण वाटेत अडते.

म्हणून पहिला प्रश्न असा: मशिनवर तक्रार चालू असताना कॉम्प्रेसर काय करतो आहे? पुण्या-नाशिकच्या मध्यम मशिन शॉपमध्ये दिसणारा 37 किलोवॅटचा, म्हणजे 50 एचपीचा स्क्रू कॉम्प्रेसर उदाहरणाला घेऊ. सात बारला तो साधारण 230 सीएफएम हवा देतो, आणि त्याचे लोड-अनलोड समजा 6.2 आणि 7 बारवर लावलेले आहे. मशिनवर दाब पडलेला आहे आणि त्याच वेळी कॉम्प्रेसर सात बार गाठून निवांत अनलोड होतो आहे, असे असेल तर त्याच्याकडे हवा शिल्लक आहे. दोष कॉम्प्रेसर आणि मशिन यांच्या मधल्या वाटेत आहे, आणि कॉम्प्रेसर कितीही दुरुस्त केला तरी मशिनवरचा दाब वाढणार नाही. उलट कॉम्प्रेसर एकदाही अनलोड न होता सतत लोडवर आहे आणि तरीही रिसीव्हरचा दाब घसरतो आहे, तर हवा खरोखर कमी पडते आहे. तिसरी शक्यता क्वचित दिसते: रिसीव्हरचा दाब कमी असूनही कॉम्प्रेसर लोडच होत नाही. तेव्हा प्रेशर सेन्सर, सोलेनॉइड किंवा वायरिंग यांकडे वळावे. पॅनेलसमोर दहा मिनिटे उभे राहून मिळणारी ही माहिती फुकट असते, तरीही ती सोडून पुढच्या खर्चिक पायऱ्या गाठल्या जातात, याचे खरोखर वाईट वाटते.

यानंतर दाब तीन ठिकाणी मोजावा: रिसीव्हरवर, हेडरच्या शेवटच्या टोकाला आणि तक्रार असलेल्या मशिनच्या एफआरएलवर, म्हणजे जिथे फिल्टर, रेग्युलेटर आणि लुब्रिकेटर एकत्र बसवलेले असतात तिथे. तिन्हीकडचे गेज वेगवेगळे असतील तर त्यांच्यावर विसंबू नये. कंपनाने आणि पाण्याने गेज बिघडतात, आणि अर्ध्या बारची चूक डोळ्यांना दिसत नाही. एकच कॅलिब्रेट केलेला गेज घेऊन तिन्ही ठिकाणी लावावा. मोजणी मशिन थांबलेले असताना एकदा आणि काम चालू असताना एकदा करावी, कारण सगळा उलगडा या दोन आकड्यांच्या फरकात असतो. हवा वाहत नसेल तर चोंदलेल्या फिल्टरच्या दोन्ही बाजूंना दाब सारखाच दिसतो. हवा वाहू लागली की अडथळा उघडा पडतो. थांबलेल्या मशिनच्या एफआरएलवर 6.5 बार आणि सिलिंडर हलताच 4.8 बार, पण त्याच क्षणी हेडरवर 6.4 बार, असे आकडे आले तर शोध त्या मशिनच्या शेवटच्या काही मीटरपुरता उरतो. हेडर आणि रिसीव्हर दोन्ही एकदम खाली आले, तरच पुरवठ्याचा प्रश्न.

वाटेतल्या अडथळ्यांपैकी शेवटचे काही मीटर सर्वात दुर्लक्षित असतात. एफआरएलचा एलिमेंट बसवल्यापासून कोणी बदललेला नसतो. क्विक कपलिंगचे आतले भोक होजच्या भोकापेक्षा लहान असते. मशिन जरा लांब हलवले म्हणून सहा मिलिमीटरच्या पीयू ट्यूबला आणखी तशीच ट्यूब जोडली जाते. नळीचा व्यास किती निर्णायक असतो याची कल्पना सहसा नसते. तेवढीच हवा तेवढ्याच लांबीच्या नळीतून न्यायची असेल, तर दाबातली घट ढोबळमानाने व्यासाच्या पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलते. व्यास निम्मा केला तर घट सुमारे 32 पट होते. नळी तीच ठेवून हवा दुप्पट नेली तर घट जवळपास चौपट. दहा वर्षांपूर्वी पाच मशिनसाठी टाकलेल्या दीड इंची हेडरवर आज बारा मशिन चालत असतील तर त्या हेडरकडून जुन्या दाबाची अपेक्षा ठेवता येत नाही. कॉम्प्रेसरजवळच्या भागात ड्रायर आणि लाइन फिल्टर पाहावेत. बऱ्याच कॉम्प्रेसरच्या पॅनेलवर दिसणारा दाब ड्रायरच्या आधीचा असतो, त्यामुळे पॅनेलवर सात आणि हेडरमध्ये सहा असूनही ऑपरेटरला सगळे ठीक वाटते. चांगल्या स्थितीतल्या रेफ्रिजरेटेड ड्रायरमध्ये 0.2 बारच्या आसपास घट असते. ड्रायर आणि फिल्टर मिळून अर्ध्या बारच्या वर घट दिसली तर एलिमेंट बदलायची वेळ झाली आहे. पावसाळ्यात, आणि कोकणपट्टीत तर वर्षातला बराच काळ, हवेत बाष्प इतके असते की ड्रेन नीट चालला नाही तर पाणी हेडरच्या खोलगट भागात साचते आणि नळीचा उपयोगी व्यास खातो. त्याचा दाबावर होणारा परिणाम अरुंद नळीसारखाच असतो.

आता दुसरी बाजू: कॉम्प्रेसर सतत लोडवर आहे आणि हवा खरोखर कमी पडते आहे. इथेही दोन शक्यता वेगळ्या कराव्या लागतात, आणि त्यासाठी लागणारे साधन म्हणजे रिसीव्हरच्या पुढचा मुख्य व्हॉल्व्ह. उत्पादन थांबलेले असताना तो बंद करावा. कॉम्प्रेसर सात बार चटकन गाठून अनलोड झाला तर तो किमान आजारी नाही. पण 'चटकन' म्हणजे किती, हे घड्याळाने ठरवावे. याला पंप-अप चाचणी म्हणतात, आणि ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या ऊर्जा लेखापरीक्षणाच्या मार्गदर्शिकेतही हीच पद्धत दिलेली आहे. रिसीव्हर आणि मुख्य व्हॉल्व्हपर्यंतची नळी यांचे एकूण आकारमान घ्यावे, त्याला दाबातल्या वाढीने गुणावे, आणि वातावरणाचा दाब व लागलेला वेळ यांच्या गुणाकाराने भागावे. उत्तर मिळते ते कॉम्प्रेसर प्रत्यक्षात किती हवा देतो याचे. स्क्रू कॉम्प्रेसरमध्ये मिनिमम प्रेशर व्हॉल्व्ह चार-साडेचार बारच्या आसपास उघडतो, म्हणून टाकी रिकामी करून शून्यापासून मोजण्यापेक्षा 4.5 ते 6.5 बार एवढा पट्टा घेणे बरे. आपल्या उदाहरणात आकारमान 2 घनमीटर धरू. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंच आहे आणि तिथे वातावरणाचा दाब 0.95 बारच्या आसपास असतो. दोन बारची वाढ व्हायला 50 सेकंद लागले तर हवा येते मिनिटाला सुमारे 5 घनमीटर, म्हणजे 178 सीएफएम. टाकीतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा 13 अंशांनी गरम असेल तर त्याची दुरुस्ती धरून आकडा आणखी चारेक टक्के खाली येतो. नेमप्लेटवर 230 असताना हाती येतात 170, तेव्हा दोष कॉम्प्रेसरमध्ये आहे हे सिद्ध झाले. वेळ 39-40 सेकंद आला असता तर मशिन नेमप्लेटप्रमाणे चालले आहे आणि तूट खर्चाच्या बाजूला शोधावी लागेल. ढोबळ नियम म्हणून दहा टक्क्यांपेक्षा जास्त घसरण दिसली तर कारण शोधायला सुरुवात करावी. चाचणीआधी एक काळजी घ्यायची: रिसीव्हरचा ड्रेन उघडून साचलेले पाणी काढून टाकावे, कारण टाकीत पाणी असेल तर तिचे आकारमान कमी होते आणि कॉम्प्रेसर आहे त्यापेक्षा तगडा भासतो.

खर्चाची बाजू मोजायला साप्ताहिक सुट्टीचा दिवस उत्तम. सगळी मशिन बंद, पण त्यांचे हवेचे व्हॉल्व्ह नेहमीप्रमाणे उघडे ठेवून कॉम्प्रेसर चालू करावा. आता जी हवा खर्च होते ती सगळी गळती. कॉम्प्रेसर 40 सेकंद लोड आणि 100 सेकंद अनलोड राहतो असे सरासरीने दिसले, तर 140 सेकंदांपैकी 40 सेकंद तो फक्त गळती भरून काढतो आहे. म्हणजे 28 टक्क्यांहून जास्त, आपल्या कॉम्प्रेसरच्या हिशेबात 65 सीएफएम. व्हीएफडीच्या कॉम्प्रेसरला ही रीत लागू पडत नाही. तिथे कॉम्प्रेसर बंद करून संपूर्ण प्रणालीचा दाब किती वेळात किती उतरतो हे मोजावे, मात्र त्यासाठी रिसीव्हरबरोबर सगळ्या हेडरचे आकारमानही हिशेबात घ्यावे लागते. गळतीकडे बारीकसारीक गोष्ट म्हणून पाहिले जाते. सात बारच्या लाइनला तीन मिलिमीटरचे एक भोक असेल तर त्याच्या कडांनुसार 15 ते 23 सीएफएम हवा निघून जाते. अशी चार भोके म्हणजे वर सापडलेली संपूर्ण गळती. तीही एका जागी नसते. अडकून उघडा राहिलेला ऑटो ड्रेन, तडा गेलेला एफआरएलचा बाऊल, सैल कपलिंग, झिजलेल्या सीलचा सिलिंडर, महिनोन्‌महिने बंद असलेल्या मशिनची उघडी लाइन, अशी ती विखुरलेली असते. दिवसा शॉपच्या आवाजात ती ऐकू येत नाही. शांततेत कानाने आणि साबणाच्या पाण्याने तिचा मोठा भाग सापडतो, हात फिरवून मात्र ती शोधू नये, कारण दाबाखालची हवा त्वचेतून आत शिरू शकते.

यावर उत्पादन विभागाचा आक्षेप रास्त असतो. ऑर्डर अडली आहे, सुट्टीची वाट कोण पाहणार, तोवर दाबाचे सेटिंग वाढवून काम भागत असेल तर का वाढवू नये? याचे उत्तर कॉम्प्रेसरच्या वागण्यातच आहे. तो सतत लोडवर असून सात बारही गाठू शकत नसेल तर सेटिंग आठ केल्याने काहीही होत नाही. जो सातला पोचत नाही तो आठला कुठून पोचणार? सेटिंग वाढवून फरक पडला याचा अर्थ कॉम्प्रेसरकडे हवा शिल्लक होती आणि दोष वाटेत होता. म्हणजे चोंदलेला फिल्टर बदलायचा सोडून त्यातून हवा जास्त जोराने रेटण्याची सोय केली. त्याची किंमत मोजावी लागते. सात बारच्या आसपास प्रत्येक एक बार वाढीला विजेचा खर्च सहा-सात टक्क्यांनी वाढतो. शिवाय सातवरून आठ बारला गेल्यावर प्रत्येक भोकातून आणि रेग्युलेटर नसलेल्या प्रत्येक ब्लो गनमधून सुमारे बारा टक्के जास्त हवा जाऊ लागते, आणि अशाने आज शिल्लक असलेली हवा महिनाभरात पुरेनाशी होते. एका पाळीपुरती अडचण निभावून न्यायला सेटिंग थोडे वाढवले तर मी त्याला चूक म्हणणार नाही, पण रिसीव्हरच्या प्लेटवरचा सुरक्षित दाब, सेफ्टी व्हॉल्व्हचे सेटिंग आणि मोटरचा करंट पाहूनच. आणि सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो म्हणून तो आवळून घेण्याचा विचारसुद्धा कोणी करू नये. तो प्राणघातक खेळ आहे.

दुसरा आक्षेप अनुभवातून येतो: गेल्या वर्षी याच कॉम्प्रेसरवर सगळे चालत होते, मग आता का नाही? या प्रश्नात कॉम्प्रेसर झिजल्याचा निष्कर्ष दडलेला असतो, पण वर्षभरात बदलणाऱ्या गोष्टी अनेक असतात. मधल्या काळात किती मशिन वाढली, चिप्स झाडायला नोझल नसलेल्या किती नळ्या आल्या, याची यादी करून पाहावी. ऋतूही मोजावा. 20 अंशांची हवा 40 अंशांची झाली की तेवढ्याच आकारमानात सहा टक्के कमी हवा भरते. कॉम्प्रेसर रूमची गरम हवा बाहेर न जाता पुन्हा इनटेकमध्ये येत असेल तर एप्रिल-मे महिन्यांत ही तूट याहून मोठी होते, आणि वर तेलाचे तापमान चढून कॉम्प्रेसर ट्रिप होतो ते वेगळेच. तक्रार दिवसभर नसून ठरावीक क्षणी येत असेल तर एकाच वेळी लागणारा मोठा झटका कारणीभूत असू शकतो. एखादे मशिन 20 सेकंदांसाठी 60 सीएफएम जास्त ओढते, म्हणजे अर्ध्या घनमीटरहून थोडी अधिक हवा. त्या मशिनजवळ हजार लिटरची टाकी असेल तर एवढी हवा देताना तिचा दाब साधारण 0.6 बारने उतरतो आणि बाकीच्या लाइनला धक्का बसत नाही. टाकीवर भागणाऱ्या ठिकाणी नवा कॉम्प्रेसर घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे. डेसिकंट ड्रायर नव्याने बसवला असेल तर त्याचाही खर्च धरावा. हीटर नसलेला असा ड्रायर स्वतःला सुकवण्यासाठी साधारण पंधरा टक्के हवा बाहेर टाकतो, आणि कॉम्प्रेसर निवडताना ती अनेकदा हिशेबात घेतलेली नसते.

हे सगळे तपासून पंप-अप चाचणीने बोट कॉम्प्रेसरकडेच दाखवले, तर मगच तो उघडावा, तोही वीज तोडून, स्विचला कुलूप लावून आणि आतला दाब पूर्ण शून्यावर आणून. इथेही क्रम स्वस्ताकडून महागाकडे ठेवावा. इनटेक फिल्टर चोंदला आहे का, बेल्ट घसरतो आहे का, हे आधी पाहावे. त्यानंतर इनटेक व्हॉल्व्ह. लोडवर असतानाही तो अर्धवटच उघडत असेल तर मशिन व्यवस्थित फिरते पण हवा ओढत नाही, आणि त्याचे कारण बहुधा सोलेनॉइड किंवा कंट्रोल लाइनची फाटकी नळी असते. लोडवर असताना ब्लोडाउन व्हॉल्व्हमधून सूं सूं आवाज येत असेल तर बनलेली हवा तिथूनच परत जाते आहे. एअर-ऑइल सेपरेटरच्या दोन्ही बाजूंच्या दाबात नव्याने बसवल्यावर 0.2 ते 0.3 बारचा फरक असतो. तो एक बारच्या जवळ गेला की सेपरेटर बदलायचा, नाहीतर मोटर जास्त करंट घेते आणि लाइनला दाब कमी मिळतो. पिस्टनच्या दोन टप्प्यांच्या कॉम्प्रेसरमध्ये तर निदानाची फार चांगली खूण उपलब्ध आहे, ती म्हणजे दोन टप्प्यांमधला दाब. सात बारच्या कामाला तो साधारण दोन बारच्या आसपास असतो. तो नेहमीपेक्षा वर गेला तर दुसऱ्या, म्हणजे हाय प्रेशर टप्प्याचे व्हॉल्व्ह गळत आहेत, आणि खाली आला तर पहिल्या टप्प्याचे व्हॉल्व्ह किंवा इनटेक फिल्टर पाहावा. एकाच व्हॉल्व्हचे कव्हर इतरांपेक्षा जास्त तापलेले असेल तर तिथली प्लेट किंवा स्प्रिंग तुटल्याची शक्यता मोठी. ते तापमान मात्र इन्फ्रारेड थर्मामीटरने पाहावे.

स्क्रूचे एअर-एन्ड गेले आहे असे सांगितले जाते तेव्हा खर्च लाखांत असतो, म्हणून त्या निष्कर्षासाठी पुरावाही तितकाच भक्कम मागावा. इनटेक व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो आहे, ब्लोडाउन बंद आहे, सेपरेटर नवा आहे, आरपीएम बरोबर आहेत, आणि तरीही पंप-अपचा आकडा वीस-पंचवीस टक्क्यांनी कमी, एवढे सगळे कागदावर आले तर तो निष्कर्ष मानायला हरकत नाही. मोठा कॉम्प्रेसर घेण्याबाबतही हाच नियम लावावा. गळती दहा टक्क्यांच्या आत आणल्यावर आणि वाटेतली घट काढल्यावरही मागणी नेमप्लेटच्या वर राहिली, तर नवा कॉम्प्रेसर जरूर घ्यावा. पण त्याबरोबर ड्रायर, फिल्टर आणि हेडरही त्या मापाचे घ्यावे लागतील, नाहीतर वाढलेली हवा जुन्याच नळीत अडेल. दुरुस्ती केली असो वा नवे मशिन बसवले असो, त्याच टाकीवर, त्याच 4.5 ते 6.5 बारच्या पट्ट्यात पंप-अप चाचणी सर्व्हिस इंजिनिअर समोर असतानाच पुन्हा घ्यावी, सेकंद त्याच्या सर्व्हिस रिपोर्टवर लिहून घ्यावेत आणि मगच बिलावर सही करावी.